विनाअनुदानित महाविद्यालयातल्या उत्तम शिक्षकांचा अभ्यास कसा करावा?

प्रश्न: मी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात सिव्हिलला शिकवते. शिक्षणशास्त्रात पीएचडी करतेय, विषय ‘खासगी उच्च शिक्षणातील उत्कृष्ट शिक्षकांची परिणामकारकता’. गाईड म्हणतात, तीन जिल्ह्यांतल्या पुरस्कारप्राप्त शिक्षकांना पाच पर्यायांची प्रश्नावली द्या, सरासरी आणि सहसंबंध काढा, काम संपलं. एवढ्यानं भागेल का?

उत्तर: पदवीपुरतं भागेल मॅडम. पण चांगला शिक्षक वर्गात नेमकं काय करतो, याचं एक अक्षरही त्यातून हाती लागणार नाही. ‘मी विद्यार्थ्यांच्या शंकांचे निरसन करतो’ यापुढे कुठला शिक्षक ‘असहमत’ची खूण करणार आहे? सगळ्यांची सरासरी साडेचारच्या आसपास येईल, क्रॉनबॅक अल्फाही (प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) झकास येईल आणि सगळे शिक्षक एकसुरात स्वतःची तारीफ करतात एवढंच सिद्ध होईल. अल्फा सातत्य दाखवतो, खरेपणा नाही. शिवाय आपल्याकडच्या प्रबंधांत वापरतात त्यातल्या बऱ्याच श्रेणी शालेय शिक्षकांसाठी तयार झाल्या होत्या. त्यातला ‘शाळा’ खोडून ‘महाविद्यालय’ लिहिलं की साधन तयार झालं, असं मानायची पद्धत पडून गेली आहे.

पण त्याच्याही आधीची अडचण ‘पुरस्कारप्राप्त’ या शब्दात आहे. शिक्षकदिनाला संस्थेच्या हॉलमध्ये शाल-श्रीफळ कुणाला मिळतं हे तुम्ही आतूनच पाहिलं असेल. नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाची, फाइल वेळेत पूर्ण करणारा, उन्हाळ्यात ज्युनिअर कॉलेजं पालथी घालून अ‍ॅडमिशन आणणारा, पेपर छापणारा, कुणाशी न भांडणारा. यांच्यात चांगले शिक्षकही असतात, नाही असं नाही. मात्र पुरस्कार त्यांना शिकवण्यासाठीच मिळाला, हे गृहीत धरता येत नाही. नमुना इथे चुकला तर पुढचं कुठलंही संख्याशास्त्र तो सावरू शकत नाही.

‘खासगी’ हा शब्दही नुसता शीर्षकात ठेवू नका, त्यानं बरंच काही बदलतं. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तेव्हापासून या महाविद्यालयांतला पगार विद्यार्थ्याच्या फीमधून येतो. फी किती घ्यायची यावर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाया झाल्या, २००२ चा टीएमए पै आणि २००५ चा इनामदार हे निकाल त्यातलेच. २०१५ च्या कायद्यानं शुल्क नियामक प्राधिकरण आलं. पण मूळ गणित तेच राहिलं: जागा भरल्या नाहीत की पगार रखडतो. असं असताना विद्यार्थ्यांचा फीडबॅक हा शिकवण्याबद्दलचा अभिप्राय उरत नाही, ग्राहकाची नाराजी मोजण्याचं यंत्र होतो. सबमिशनला कडक राहणारा, टर्मवर्कचे मार्क खिरापतीसारखे न वाटणारा शिक्षक त्या यंत्रात हमखास खाली जातो. अनुदानित महाविद्यालयातल्या कायम शिक्षकाला हा धाक तितका नाही. म्हणून दोन्हीकडचे फीडबॅकचे आकडे शेजारी मांडून तुलना करू नका.

तो फीडबॅक गोळा कसा होतो, तेही एकदा जवळून पाहा. सत्र संपायच्या आठवड्यात क्लास को-ऑर्डिनेटर प्रॅक्टिकलच्या वेळी लॅबमध्ये येतो, लिंक ग्रुपवर टाकतो आणि ‘सगळ्यांनी भरल्याशिवाय हॉलतिकीट नाही’ असं बजावून जातो. सहा विषय, प्रत्येकाला दहा-बारा प्रश्न. पहिल्या विषयाला मुलं वाचून भरतात, तिसऱ्यापासून एकाच रकान्यात सरळ खाली खुणा. मागच्या बाकावर एक जण चार मित्रांचे फोन घेऊन सगळ्यांचं भरून टाकतो. संस्थेनं तुम्हाला कच्ची माहिती दिलीच, तर आधी ही सरळ रेषेतली उत्तरं वेगळी काढा. उरेल त्यातही उपयोगी काय असतं, तर शेवटच्या मोकळ्या रकान्यातली वाक्यं. ‘सर छान शिकवतात’ बाजूला ठेवा. ‘सर मागचं विचारतात’, ‘मॅडम वही मागतात’ असली वाक्यं जपून ठेवा.

हा दोष फक्त आपल्या व्यवस्थेचा नाही. १९७० साली अमेरिकेत एका नटाला ‘डॉक्टर फॉक्स’ बनवून तज्ज्ञांसमोर उभं केलं होतं. विषय गणिती गेम थिअरी, भाषण मुद्दाम पोकळ आणि परस्परविरोधी, पण ढंग मोठा आकर्षक. श्रोत्यांनी अभिप्राय उत्तम दिले. आणखी महत्त्वाचा अभ्यास अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीतला, कॅरेल आणि वेस्ट यांचा, २०१० साली प्रसिद्ध झालेला. तिथे विद्यार्थी कुठल्या प्राध्यापकाकडे जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि पेपर सगळ्यांना सारखाच असतो. दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या माहितीतून दिसलं असं की ज्यांच्या हाताखाली मुलांना त्या विषयात चांगले गुण पडले आणि ज्यांना मुलांनी पसंती दिली, त्यांची मुलं पुढच्या विषयात मागे पडली. अनुभवी प्राध्यापकांचं चित्र बरोबर उलटं होतं. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला, २०१९ मध्ये आलेला अभ्यासही वाचा. डोकं चालवावं लागलं त्या वर्गातली मुलं प्रत्यक्षात जास्त शिकली होती, पण त्यांना स्वतःला वाटत होतं की आपण कमी शिकलो.

तेव्हा निवडीची माझी रीत अशी. शिक्षकानं शिकवलेल्या विषयाचा पुढचा विषय जो शिकवतो, त्याच्याकडे जायचं. तुमच्या शाखेतलं बोलायचं तर सेकंड इयरला स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स आणि त्यापुढे स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस. हा विषय घेणाऱ्या सरांना सरळ विचारा, ‘कुणाची पोरं तुमच्याकडे आली की ओळखू येतात?’ नावं पटकन येतात आणि गंमत म्हणजे ती पुरस्काराच्या यादीशी फारशी जुळत नाहीत. दुसरी विचारपूस दोन-तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या मुलांकडे करा, त्यांचे मार्क आता कुणाच्या हातात नसतात. तिसरी लॅब असिस्टंटकडे. कोण प्रॅक्टिकलला शेवटपर्यंत थांबतं आणि कोण सही करून जातं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं, पण एकाही प्रबंधात मी त्याची मुलाखत पाहिलेली नाही. तिन्हीकडून जे नाव येईल ते घ्या.

निकालाची टक्केवारी वापरायचीच असेल तर डोळे उघडे ठेवून वापरा. एकाच विषयाचे अनेक डिव्हिजन आणि सगळ्यांना विद्यापीठाचा एकच पेपर, ही संलग्न महाविद्यालयातली सोय संशोधकाच्या दृष्टीनं सोन्यासारखी आहे. पण डिव्हिजन पाडले कसे ते आधी विचारा. शाखेप्रमाणे पाडले असतील तर कॉम्प्युटरच्या डिव्हिजनमध्ये सीईटीचे वरचे पर्सेंटाइल आणि सिव्हिलच्या डिव्हिजनमध्ये शेवटच्या फेरीत आलेली मुलं. मग एम-वनचा, म्हणजे पहिल्या सत्रातल्या गणिताचा, निकाल शिक्षकाबद्दल काही सांगत नाही, कॅप राउंडबद्दल, म्हणजे केंद्रीय प्रवेशफेरीबद्दल, सांगतो. स्वायत्त महाविद्यालयात पेपर काढणारा, शिकवणारा आणि तपासणारा एकच असू शकतो, तिथे निकालाची तुलना सोडूनच द्या. वर्षंही पारखून घ्या. मुंबई विद्यापीठाचे २०१७ च्या उन्हाळी परीक्षेचे निकाल ऑनस्क्रीन तपासणीच्या घोळात कसे रखडले ते सगळ्यांना आठवत असेल. आणि कोरोनाच्या काळातल्या घरबसल्या दिलेल्या बहुपर्यायी परीक्षांचे निकाल इतर वर्षांत मिसळले तर सगळंच विरघळून जाईल.

यापेक्षा स्वतःची एक छोटी चाचणी करा. संकल्पनांवरचे आठ-दहा प्रश्न, आकडेमोड जवळजवळ नाही, तीच चाचणी सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी. भौतिकशास्त्रात ‘फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी’ ही अशीच चाचणी १९९२ पासून आहे. तिच्या आधारे हेक यांनी १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांची तुलना केली. जितकं शिकायचं बाकी होतं त्यातलं किती शिकून झालं, हे त्यांनी मोजलं. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत सरासरी ०.२३, मुलांना वर्गातच विचार आणि चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांत ०.४८. मुलं कुठल्या सीईटी स्कोअरवर आली याचा गोंधळ या पद्धतीत बराच कमी होतो, म्हणून विनाअनुदानित महाविद्यालयासाठी मला ती जास्त न्याय्य वाटते. साठ पर्सेंटाइलच्या मुलांना जिथून उचललं तिथून मोजमाप सुरू होतं.

आता मुख्य गोष्ट. फक्त उत्तम शिक्षक पाहू नका. त्याच महाविद्यालयातला, तोच किंवा त्याला लागून असलेला विषय शिकवणारा साधा, बरा शिक्षकही तितकाच वेळ पाहा. ‘उत्तम शिक्षक तयारी करून येतात, वेळेवर येतात, विषयाची गोडी असते’ असे निष्कर्ष निघतात ते तुलनेला कुणी नसतं म्हणून. साधे शिक्षकही वेळेवर येतात हो! फरक कुठे पडतो ते जोडी लावल्याशिवाय दिसत नाही. माझं म्हणणं, दोनशे प्रश्नावल्यांपेक्षा अशा सहा जोड्या घ्या आणि प्रत्येकाचे पूर्ण सत्रभर विखुरलेले तास बघा. शक्य असेल तर निरीक्षणाला दुसरं माणूस न्या आणि जोडीतला ‘उत्तम’ कोण हे त्याला सांगू नका.

निरीक्षणाचं साधन म्हणून विद्यापीठाची संशोधन समिती (आरआरसी) फ्लँडर्सच्या पद्धतीचं नाव घेईल, कारण बडोदा विद्यापीठातल्या शिक्षणसंशोधनाच्या परंपरेपासून आपल्याकडे तीच रुळली आहे. वर्गातल्या बोलण्याचे दहा प्रकार, दर तीन सेकंदांनी एक नोंद. एकदा करून बघायला हरकत नाही, कोण किती बोललं ते नीट कळतं. पण काय बोललं ते त्यात मावत नाही आणि अभियांत्रिकीत सगळं ‘काय’ मध्येच आहे. त्यापेक्षा साध्या दोन-तीन गोष्टी टिपा. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद थांबतो? मेरी बड रो यांनी शाळांतून दाखवलं होतं की शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा जेमतेम थांबतात आणि तो अवकाश तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येऊ लागतात. आपल्या वर्गांत ‘समजलं ना? ओके, पुढे’ हे तिन्ही शब्द एका श्वासात येतात. दुसरी टिपायची गोष्ट, शिक्षक मराठीवर केव्हा येतो? स्लाइड इंग्रजीत, पुस्तक इंग्रजीत, वर्गातली निम्मी मुलं दहावीपर्यंत मराठी माध्यमातली. मी पाहिलेल्या साध्या तासांत मराठी येते ती दटावायला, नोटीस वाचायला किंवा विनोदाला. चांगल्या तासांत ती नेमकी अवघड पायरीवर येते आणि पायरी चढून झाली की तीच गोष्ट पुन्हा इंग्रजीत वदवून घेतली जाते, कारण पेपर इंग्रजीत लिहायचाय. हा फरक कुठल्या प्रश्नावलीत पकडणार?

एक तास सविस्तर सांगतो, म्हणजे काय शोधायचं ते लक्षात येईल. विषय तुमचाच, शिअर फोर्स आणि बेंडिंग मोमेंट, म्हणजे भार आला की तुळईला कापू आणि वाकवू पाहणारा परिणाम. बाईंनी फळ्यावर बीम काढला: चार मीटरचा स्पॅन, उजवीकडे दोन मीटर ओव्हरहँग, पूर्ण सहा मीटरवर मीटरला दहा किलोन्यूटनचा यूडीएल, म्हणजे सारखा पसरलेला भार. मुलांनी नेहमीप्रमाणे यूडीएलचा एकच साठ किलोन्यूटनचा पॉइंट लोड केला, मध्यावर ठेवला आणि रिअ‍ॅक्शन काढल्या, म्हणजे दोन आधारांनी पेललेला भार: पंधरा आणि पंचेचाळीस. बरोबर. मग बऱ्याच जणांनी तोच पॉइंट लोड धरून डायग्रामही काढला. बाई बाकांमधून फिरत होत्या, त्यांना हे दिसलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. एका मुलाला बोलावून त्याचा डायग्राम फळ्यावर काढायला लावला. त्यात ओव्हरहँगवर बेंडिंग मोमेंट शून्य. बाईंनी शांतपणे विचारलं, ‘हा पुढे आलेला भाग म्हणजे बाल्कनी समजू. तुमच्या डायग्रामप्रमाणे इथे मोमेंटच नाही. म्हणजे वरची सळई नको. टाकायची अशी बाल्कनी? उभं कोण राहणार?’ वर्गात खसखस पिकली आणि मग चुळबूळ सुरू झाली. रिअ‍ॅक्शन बरोबर, मग डायग्राम का चुकला? बाई थांबल्या. बराच वेळ थांबल्या. मागून एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, लोड तर सगळीकडे आहे, आपण उचलून एका जागी ठेवला.’ तिथून सपोर्टवरचा वीस किलोन्यूटन-मीटरचा हॉगिंग (वरच्या बाजूला ताण आणणारा) मोमेंट मुलांनीच काढला.

शेजारच्या डिव्हिजनमध्ये हेच उदाहरण दुसऱ्या सरांनी फळ्यावर स्वतः, अगदी स्वच्छ आणि बिनचूक सोडवून दाखवलं. मुलांनी उतरवून घेतलं. फीडबॅकमध्ये ‘बोर्डवर्क उत्तम’ हे त्यांच्याच नावापुढे असणार. बाईंकडे जास्तीचं जे होतं ते विषयाचं ज्ञान नव्हतं, सरांनाही विषय तेवढाच येत होता. कुठली चूक कुठल्या पायरीवर होणार हे बाईंना आधीच ठाऊक होतं आणि ती होऊ द्यायला त्या तयार होत्या. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये विषयज्ञान आणि अध्यापनशास्त्र यांच्या मधल्या ज्या ज्ञानाची मांडणी केली, ते हेच. तुमच्या प्रबंधाचा सैद्धांतिक पाया इथे रोवा. ब्लूम यांच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या श्रेणी आणि सीओ-पीओचे (विषयाच्या आणि अभ्यासक्रमाच्या फलितांचे) तक्ते एनबीएच्या, म्हणजे अभ्यासक्रमाच्या मानांकनाच्या, फाइलला आहेतच.

मुलाखत घेताना ‘तुमच्या यशाचं रहस्य काय’ असं विचारू नका. ‘विद्यार्थी माझं कुटुंब आहे’ हे उत्तर तयारच असतं. फ्लॅनगन यांची १९५४ ची महत्त्वाच्या प्रसंगांची पद्धत वापरा: गेल्या महिन्यातला फसलेला एक तास सांगा, मग त्याच विषयाचा जमलेला एक. काय केलं, मुलांनी काय केलं, तुम्हाला कशावरून कळलं? शेवटचा प्रश्न सोडू नका. साधा शिक्षक सांगतो, ‘मुलं शांत होती’. चांगला शिक्षक सांगतो, ‘तिसऱ्या बाकावरच्यानं आधी साइन कन्व्हेन्शन विचारलं, म्हणजे त्याला पुढचं कळलं होतं’. तासाचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी ऐकवून ‘इथे का थांबलात?’ असं विचारलं तर आणखी उत्तम. ब्लूमनी स्वतः शिकागोत १९५० च्या दशकात विद्यार्थ्यांच्या बाबतीत हेच केलं होतं.

आणि शिक्षकाच्या गुणांपाशी थांबू नका, त्याला काय मिळालं तेही नोंदवा. इतकी वर्षं वर्ग बघून माझं ठाम मत झालंय की विनाअनुदानित महाविद्यालयात चांगला शिक्षक घडण्यात सर्वांत मोठा वाटा तोच विषय सलग काही वर्षं हातात राहण्याचा असतो. कुणी सोडून गेलं की शिकवण्याचा लोड (विषयांचं वाटप) फिरतो, दर सत्रात नवा विषय गळ्यात पडतो आणि मुलं कुठे अडखळतात याची यादी डोक्यात तयार होण्याआधीच विषय बदलतो. ‘उत्कृष्ट’ ठरलेल्या बहुतेकांनी एखादा विषय भांडून किंवा गोड बोलून स्वतःकडे राखलेला असतो. म्हणून प्रत्येकाचा मागच्या पाच-सहा वर्षांचा लोड वाटपाचा तक्ता मिळवा. तो कोर्स फाइलपेक्षा जास्त बोलतो. सोडून गेलेल्यांनाही शोधा. कुणी शासकीय तंत्रनिकेतनात, कुणी आयटीत, कुणी स्वतःचे क्लासेस काढलेले. फक्त टिकलेल्यांचा अभ्यास केलात तर टिकण्याचे गुण हेच शिकवण्याचे गुण वाटायला लागतील. क्लासेसवाल्यांकडे जाताना संस्थेतल्या कुणाला कळू देऊ नका, आमंत्रण पत्रिका छापायची गरज नाही.

हो, गुप्ततेचं गांभीर्यानं घ्या. ‘सांगली जिल्हा, महिला, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स’ एवढं लिहिलंत तरी माणूस ओळखू येतं. करारावर असलेल्या शिक्षकानं पगाराबद्दल किंवा प्रवेशाच्या टार्गेटबद्दल तुमच्याशी केलेलं बोलणं व्यवस्थापनाच्या टेबलावर गेलं तर त्याचं काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. परवानगी घेतानाच प्राचार्यांकडून लेखी घ्या की कच्ची माहिती आणि रेकॉर्डिंग संस्थेला मिळणार नाही. ते देत नसतील तर ते महाविद्यालय सोडा.

संख्याशास्त्राबद्दल एकच. बारा शिक्षकांकडची आठशे मुलं म्हणजे आठशे स्वतंत्र नोंदी नव्हेत, एका शिक्षकाकडची मुलं एकमेकांसारखी असतात. टी-टेस्ट लावून ‘०.०१ पातळीवर सार्थ’ लिहिलंत तर व्हायव्हात कुणी विचारणार नाही कदाचित, पण ते चूक आहे. जोडीजोडीनं फरक मांडा, किती जोड्यांत उत्तम शिक्षकाची मुलं पुढे आहेत आणि किती जोड्यांत नाहीत ते उघड लिहा. एखाददोन जोड्या उलट्या निघतील. त्यांच्यावर एक पूर्ण प्रकरण लिहा.

गाईड आणि आरआरसी यांच्याशी वाद घालत बसू नका. प्रश्नावली ठेवा, पहिला टप्पा म्हणून, छोटी. वरच्या तिन्ही विचारपुशी तिच्यातच घाला, म्हणजे तिच्यातून जोड्या निवडल्या असं सारांशात लिहिता येतं, दोघांचंही समाधान होतं.

सुरुवात फर्स्ट इयरपासून करू नका, तिथे प्रवेशाच्या फेऱ्या संपेपर्यंत वर्ग भरत नाही आणि पूर्वचाचणीला बसलेली मुलं वेगळी, उत्तरचाचणीला वेगळी असं होतं. सेकंड इयर घ्या. मात्र डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली मुलं उशिरा येतात आणि स्ट्रेंथचा बराच भाग त्यांचा आधीच झालेला असतो. त्यांची पूर्वचाचणी ती आल्या आठवड्यातच उरकून घ्या, उत्तरपत्रिकेवर ‘डीएसई’ असा शिक्का मारा आणि त्यांचा हिशेब शेवटपर्यंत वेगळा ठेवा.